कुत्र्याच्या हृदयातली गाठ आणि अडलेला रक्तप्रवाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हृदयाजवळ काहीतरी दिसतंय," असं डॉक्टरांनी सांगितलं की त्यापुढचं बरंचसं कानावरून जातं. प्रश्न सुचतात ते घरी आल्यावर, आणि तेव्हा विचारायला समोर कोणी नसतं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. हृदयातली गाठ हा एकच एक आजार नाही. गाठ कसली आहे आणि ती नेमकी कुठे बसली आहे, यावरून काही दिवस उरलेत की काही वर्षं हे ठरतं. ही दोन उत्तरं हातात येईपर्यंत आशा सोडू नका आणि कुठल्याच गोष्टीला घाईने होकार देऊ नका.

कुत्रा आत्ता कोसळलाय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. काय करू?

वाचणं थांबवा आणि निघा. निघताना दवाखान्यात फोन करून "अचानक कोसळलाय, हिरड्या पांढऱ्या आहेत, हृदयाभोवती पाणी असू शकतं" एवढंच सांगा, म्हणजे ते सोनोग्राफीचं मशीन तयार ठेवतील. त्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या. ज्या अवस्थेत त्याला श्वास घेता येतोय त्याच अवस्थेत राहू द्या. बळेच कुशीवर झोपवलं तर त्रास वाढू शकतो. तोंडात पाणी, ग्लुकोज, औषध काहीही घालू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत. घरात "लघवीची गोळी" असेल तर तीही स्वतःहून देऊ नका. त्याचं कारण खाली दिलं आहे.

हृदयातल्या गाठी कुत्र्यांमध्ये किती वेळा आढळतात?

क्वचित. मोठ्या दवाखान्यांच्या नोंदींवरून हे प्रमाण हजार कुत्र्यांमागे साधारण दोन इतकं येतं. बहुतेक रुग्ण सात वर्षांपुढचे असतात. लिम्फोमा हा पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरचा प्रकार मात्र तरुण वयातही दिसतो.

गाठ कोणकोणत्या प्रकारची असू शकते?

सगळ्यात जास्त आढळतो तो हिमॅन्जिओसार्कोमा. हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर आहे. त्याची आवडती जागा म्हणजे उजव्या बाजूचा वरचा कप्पा, म्हणजे उजवी कर्णिका, आणि तिला जोडलेला कानासारखा छोटा भाग. गाठ नाजूक असते, आतून रक्ताने भरलेली असते, आणि कुठल्याही धक्क्याशिवाय फुटून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त सांडू शकते. सकाळी खेळणारा कुत्रा दुपारी उभा राहू शकत नाही, तो यामुळे. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्रॅडॉर या जातींत तो जास्त दिसतो. निदान होईपर्यंत बहुतेकदा तो फुप्फुसात, यकृतात किंवा प्लीहेत पोहोचलेला असतो. म्हणून छातीबरोबर पोटाचीही सोनोग्राफी करायला सांगतात.

दुसरा म्हणजे हृदयाच्या बुंध्याशी, महाधमनी जिथून निघते तिथे वाढणारा केमोडेक्टोमा. रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पेशींचा एक बारीक पुंजका तिथे असतो, त्यातून ही गाठ येते. बॉक्सर, बॉस्टन टेरियर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत ती अधिक आढळते. आयुष्यभर जरा कमीच ऑक्सिजनवर जगल्यामुळे या पेशी चाळवत असाव्यात, असा अंदाज आहे. हिचा स्वभाव हिमॅन्जिओसार्कोमाच्या उलट असतो. ती सावकाश वाढते आणि दूरवर क्वचितच पसरते, पण आजूबाजूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आणते. काही कुत्र्यांमध्ये ती भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये, श्वासनलिका वर ढकललेली दिसल्यामुळे सापडते.

याशिवाय लिम्फोमा, आणि जागा चुकलेल्या थायरॉइड पेशींपासून होणारा कॅन्सर. थायरॉइडची ग्रंथी गर्भात खाली सरकताना काही पेशी छातीत राहून जातात, त्यांतून हृदयाच्या बुंध्याशी किंवा चक्क उजव्या कप्प्याच्या आत गाठ होऊ शकते. मिक्सोमा ही कॅन्सर नसलेली गाठ कुत्र्यांत दुर्मीळ आहे आणि झालीच तर बहुधा हृदयाच्या उजव्या बाजूला होते. मीसोथेलिओमा हा अस्तराच्या पेशींचा कॅन्सर हृदयाच्या आवरणावर पातळ थरासारखा पसरतो, त्यामुळे सोनोग्राफीत "गाठ" अशी दिसतच नाही. आणि शरीरात दुसरीकडे झालेला कॅन्सर हृदयात येऊन रुजणं, हेही घडतं.

गाठीमुळे रक्तप्रवाह नेमका अडतो कसा?

तीन वाटांनी. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत यातली कोणती लागू आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण उपचार त्यावर ठरतो.

पहिली वाट बाहेरून दाबाची. हृदय एका पातळ पण चिवट पिशवीत असतं. तिला हृदयावरण म्हणतात. गाठीतून रक्त किंवा पाणी या पिशवीत साचलं की ती ताणली जाते, पण भराभर ताणण्याचा तिचा स्वभाव नाही. मग दाब आतल्या हृदयावर पडतो. उजव्या बाजूच्या भिंती पातळ असल्यामुळे त्या आधी दबतात. शरीरातून परत आलेलं रक्त हृदयात शिरूच शकत नाही. हृदय धडधडत असतं, जोरही लावत असतं, पण आत रक्तच कमी आल्यावर बाहेर काय टाकणार? या अवस्थेला टॅम्पोनेड म्हणतात. इथे किती पाणी साचलं यापेक्षा किती वेगाने साचलं हे महत्त्वाचं ठरतं. एकदम सांडलेलं थोडंसं रक्तही जीव घेऊ शकतं. उलट काही आठवडे हळूहळू साचत गेलं तर पिशवी सैलावते, आणि मोठ्या कुत्र्याच्या छातीतून अर्धा-एक लिटर पाणी निघालं तरी तो दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो.

दुसरी वाट आतून अडथळ्याची. गाठ कप्प्याच्या आत वाढते आणि मोरीच्या तोंडाशी बोळा अडकावा तशी झडपेशी किंवा फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेत येऊन बसते. देठावर लोंबणारी गाठ असेल तर ती प्रत्येक ठोक्याबरोबर पुढे-मागे हलते. कुत्रा एरवी ठीक असतो, पण जिना चढला, आनंदाने उड्या मारल्या की रक्ताची मागणी वाढते, वाट मात्र तेवढीच राहते, आणि तो जागीच कोसळतो.

तिसरी वाट मोठ्या शिरांवरच्या दाबाची. डोक्याकडून आणि पुढच्या पायांकडून रक्त परत आणणारी शीर दबली तर चेहरा, गळा आणि पुढचे पाय सुजतात. पट्टा अचानक घट्ट झाल्यासारखा वाटतो, डोळ्यांखाली फुगवटा येतो. पोटाकडून येणारी शीर दबली तर पोटात पाणी भरतं. मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथीची गाठ तर या शिरेच्या आतूनच वाढत वर चढते आणि कधीकधी हृदयापर्यंत पोहोचते. अशा वेळी मूळ आजार पोटात असतो आणि लक्षणं हृदयाची दिसतात.

या तिन्हींखेरीज गाठ हृदयाच्या विद्युतप्रवाहात ढवळाढवळ करून ठोके बिघडवू शकते. आणि एकाच कुत्र्यात दोन वाटा एकत्रही येतात.

अडथळा आहे, पण गाठ नाही, असं असू शकतं का?

हो, आणि हे आधी तपासून घ्यायलाच हवं. डासांमुळे पसरणारे हार्टवर्म नावाचे जंत जास्त झाले की त्यांचा गुंता उजव्या बाजूच्या झडपेत अडकतो आणि कुत्रा एकाएकी कोसळतो. त्याची रक्ततपासणी करता येते, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतही, समांतर रेघांसारखे जंत दिसतात, आणि मानेच्या शिरेतून चिमटा घालून ते ओढून काढता येतात. जन्मतःच झडप अरुंद असणं हे दुसरं कारण, पण ते बहुधा लहान वयात लक्षात येतं.

कोणती लक्षणं दिसली तर हृदयाचा संशय घ्यावा?

सुस्ती, लवकर दमणं, भूक कमी होणं, उलटी, खोकला, श्वासाचा वेग वाढणं, पोट डेऱ्यासारखं फुगणं. यातलं प्रत्येक लक्षण इतर पन्नास आजारांत दिसतं, म्हणून एकट्या लक्षणावरून काही ठरवता येत नाही. पण एक प्रकार असा आहे की त्याकडे दुर्लक्ष होऊ नये. कुत्रा एका दिवशी एकदम गळून जातो, जेवत नाही, हिरड्या फिकट दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी जणू काही झालंच नव्हतं असा उठून बसतो. घरचे म्हणतात, उन्हाने झालं असेल, काहीतरी खाल्लं असेल. थोडा रक्तस्राव होऊन थांबला आणि सांडलेलं रक्त शरीराने पुन्हा शोषून घेतलं, की नेमकं असंच दिसतं. आपोआप बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. वयस्क, मोठ्या जातीच्या कुत्र्याने असं एकदा केलं तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.

तो कोसळला ती चक्कर होती की फिट?

डॉक्टर हे पहिल्यांदा विचारतात आणि उत्तर फक्त तुमच्याकडे असतं. हृदयामुळे आलेली चक्कर बहुधा हालचाल, उत्तेजना किंवा खोकल्यानंतर येते. कुत्रा ढिला पडतो, काही सेकंद ते मिनिटभरात उठतो आणि लगेच तुम्हाला ओळखतो. फिटमध्ये अंग कडक होऊन झटके येतात, लाळ गळते, आणि थांबल्यावरही तो बराच वेळ भांबावलेला असतो, भिंतींवर आपटतो. हा फरक दर वेळी इतका स्वच्छ नसतो. चक्कर येतानाही पाय ताठ होऊ शकतात, लघवी होऊ शकते. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा. तुम्ही काय पाहिलं ते कितीही नीट सांगितलंत तरी वीस सेकंदांचा व्हिडिओ त्याहून जास्त सांगतो.

घरी मला काय तपासता येईल?

तीन गोष्टी, आणि त्या कुत्रा बरा असतानाच शिकून घ्या, म्हणजे बिघाड ओळखता येईल.

हिरड्या: वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरची हिरडी पाहा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे खालच्या पापणीचा आतला भाग बघा.

श्वास: गाढ झोपेत असताना छाती वर-खाली होते ते एक मिनिट मोजा. वर गेली आणि खाली आली, हा एक श्वास. मिनिटाला तीसच्या आत असणं ठीक. सलग दोन-तीन वेळा त्याहून जास्त भरले तर डॉक्टरांना कळवा. धापा टाकत असताना मोजू नका, त्याला अर्थ नाही.

नाडी: मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडी जिथे पोटाला मिळते तिथे दोन बोटं अलगद ठेवा. इथली नाडी ठसठशीत लागते. टॅम्पोनेडमध्ये ती वेगवान आणि अगदी बारीक होते, काही वेळा श्वास आत घेताना जवळजवळ नाहीशी होते. पोटात पाणी भरत असेल तर रोज त्याच जागी टेप लावून घेर मोजून ठेवा.

निदानासाठी कोणत्या तपासण्या लागतात?

मुख्य तपासणी म्हणजे इको, म्हणजेच हृदयाची सोनोग्राफी. पाणी आहे का, उजवा कप्पा दबतोय का, गाठ कुठे आहे, रक्त कुठे अडतंय, हे सगळं त्यात दिसतं. कुत्र्याची अवस्था फार वाईट नसेल तर पाणी काढण्याआधी इको केलेला चांगला, कारण गाठीभोवती पाणी असताना तिची कड जास्त स्पष्ट दिसते. पण जीव धोक्यात असेल तर आधी पाणी काढायचं, चित्रं नंतर.

एक्स-रेमध्ये हृदय चेंडूसारखं गोल दिसतं आणि फुप्फुसात पसरलेल्या गाठी कळतात. इसीजीत ठोक्यांची उंची एकाआड एक लहान-मोठी दिसली तर हृदय पाण्यात हेलकावतंय असा अर्थ निघतो. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेळ बघतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन हिमॅन्जिओसार्कोमात जास्त सापडतं, पण एकट्या त्यावर निदान करू नये. बुंध्याशी असलेल्या गाठीवर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा स्टेंट यांचा विचार असेल तर सीटी स्कॅन लागतो.

पाणी काढतात म्हणजे काय करतात? त्याला फार दुखेल का?

घाबरण्याचं कारण कमी आहे आणि फायदा मोठा आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. कुत्र्याला डाव्या कुशीवर किंवा पोटावर बसवतात. उजव्या बाजूचे केस काढून कातडी स्वच्छ करतात. पाचव्या बरगडीच्या आसपास भुलीचं इंजेक्शन देतात. गरज पडली तर हलकं गुंगीचं औषधही. मग सोनोग्राफीत बघत एक लांब, मऊ नळी असलेली सुई आत सरकवतात. पिशवीत शिरताना खर्रकन जाणवतं, नळीत गडद लाल पाणी येतं, आणि सुई काढून फक्त मऊ नळी आत ठेवतात. इसीजी सतत चालू असतो, कारण सुई हृदयाला टेकली तर ठोके लगेच बिघडतात आणि ती मागे घेता येते.

हे पाणी इतकं लाल असतं की बघणाऱ्याला वाटतं, हृदयातलंच रक्त चाललंय. म्हणून थोडं साध्या नळीत घालून ठेवतात. पिशवीत काही काळ राहिलेलं रक्त गोठत नाही. गोठलं, तर सुई हृदयात गेली असावी किंवा ताजा रक्तस्राव चालू असावा.

पाणी निघू लागलं की मॉनिटरवरचा ठोक्यांचा वेग १८० वरून १२०-१३० वर येतो, मांडीतली नाडी भरते, आणि मान टाकून पडलेला कुत्रा डोकं वर करून तुम्हाला शोधायला लागतो. सगळं पाणी काढण्याची गरज नसते. थोडं काढलं तरी दाब झपाट्याने उतरतो. धोके आहेत: ठोके अनियमित होणं, रक्तस्राव, क्वचित मृत्यू. पण टॅम्पोनेड तसंच ठेवण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. हृदयाजवळ सुई म्हटल्यावर घरचे नको म्हणतात, आणि तेवढ्या नकारापायी बरा होऊ शकणारा कुत्रा जातो.

पोटात पाणी आहे, मग लघवीची गोळी का देत नाहीत?

टॅम्पोनेडमध्ये हृदय भरतच नसतं. जे थोडं रक्त दाबाला न जुमानता आत शिरतंय, ते शिरांमधल्या वाढलेल्या दाबाच्या जोरावर. फुरोसेमाइडने, म्हणजे या लघवीच्या गोळीने, शरीरातलं पाणी काढलं की तोच दाब उतरतो, हृदय आणखी रिकामं होतं आणि कुत्रा कोसळू शकतो. पिशवीतलं पाणी गोळीने निघत नाही. ते सुईनेच काढावं लागतं. हृदयाच्या आतल्या अडथळ्यामुळे पोट फुगलं असेल तेव्हा मात्र हीच गोळी, मोजून-मापून, उपयोगी पडते. म्हणजे औषध तेच, पण वाट कोणती अडली आहे हे कळल्याशिवाय ते द्यायचं नाही.

पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. म्हणजे कॅन्सर नाही ना?

दुर्दैवाने तसा अर्थ काढता येत नाही. हिमॅन्जिओसार्कोमा पाण्यात आपल्या पेशी फारशा सोडत नाही, आणि आवरणाच्या सुजलेल्या साध्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरसारख्या दिसतात. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होते. लिम्फोमा आणि जंतुसंसर्ग मात्र या तपासणीत बऱ्यापैकी पकडले जातात, म्हणून पाणी पाठवायचं ते पाठवावंच.

पाणी आहे, पण गाठ कुठेच दिसली नाही. आता?

ही चांगली बातमी असू शकते. मोठ्या जातींत, विशेषतः गोल्डन रिट्रीव्हरमध्ये, कारण न सापडणारं पाणी साचतं. त्यातल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचं एक-दोनदा पाणी काढल्यावर पुन्हा भरतच नाही. उरलेल्यांचं हृदयावरण काढून टाकलं की ते वर्षानुवर्षं चांगले जगतात. मात्र लहान गाठ आणि मीसोथेलिओमा पहिल्या इकोत निसटू शकतात, म्हणून काही आठवड्यांनी इको पुन्हा करायचा.

"छातीत रक्त आहे, म्हणजे कॅन्सरच, झोपवून टाका," असं कोणी इको न करता सांगत असेल तर माझं ठाम मत आहे: थांबा, पाणी काढून घ्या, हृदयाचा जाणकार डॉक्टर गाठा. दोन्ही आजारांत पाणी सारखंच लाल असतं.

उपचार काय आहेत आणि किती काळ मिळतो?

खालचे आकडे मधले आहेत. निम्मे कुत्रे त्याहून कमी जगले, निम्मे जास्त.

हिमॅन्जिओसार्कोमात नुसतं पाणी काढलं तर बहुधा काही दिवस ते दोन-तीन आठवडे मिळतात. डॉक्सोरुबिसिन ही केमोथेरपी साधारण दर तीन आठवड्यांनी देतात. तिने सुमारे चार महिने मिळतात. गाठ उजव्या कर्णिकेच्या टोकाला असेल, पसरलेली नसेल, तर शस्त्रक्रियेने ती काढता येते आणि नंतर केमो दिली तर सहा महिन्यांच्या आसपास. केमोशिवाय नुसती शस्त्रक्रिया केली तर एक ते तीन महिने. हा आजार पूर्ण बरा होतो असं मी कोणालाच सांगणार नाही.

बुंध्याशी असलेल्या केमोडेक्टोमाचं चित्र वेगळं आहे. ती गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना इतकी चिकटलेली असते की काढणं बहुधा शक्य नसतं. पण गाठ जागेवर ठेवून फक्त हृदयावरण काढलं, की पाणी साचायला बंद पिशवीच उरत नाही आणि टॅम्पोनेड टळतं. असं केलेले कुत्रे साधारण दोन वर्षं जगल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. न केलेल्यांना काही आठवडे ते काही महिने मिळाले. गाठ काढली नाही तर शस्त्रक्रियेला अर्थ काय, असं पुष्कळांना वाटतं. इथे तो अर्थ दीड-दोन वर्षांचा आहे. ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतूनही होते. शिवाय नेमक्या जागी दिलेले किरणोपचार आणि टोसेरानिब नावाची गोळी यांनी गाठीची वाढ रोखता येते.

लिम्फोमाला केमोथेरपी लागू पडते. मिक्सोमासारखी आतली गाठ काढायला हृदय थांबवून, यंत्रावर रक्त फिरवत शस्त्रक्रिया करावी लागते. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

गाठ काढता येत नाही आणि वाट तर अडली आहे, अशा वेळी स्टेंट हा पर्याय असतो. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून जाळीदार नळी नेऊन अडलेल्या जागी उघडतात. गाठ तशीच राहते, पण रक्ताला वाट मिळते. चेहऱ्याची सूज किंवा पोटातलं पाणी त्याने उतरू शकतं. हे करणारे डॉक्टर थोडे आहेत, तरी विचारून पाहायला हरकत नाही.

केमोथेरपीने त्याचे हाल तर होणार नाहीत?

माणसांना देतात त्या मानाने कुत्र्यांना डोस सौम्य असतो, कारण उद्देश चांगले दिवस मिळवण्याचा असतो. बहुतेकांना दोन-तीन दिवस भूक मंद, थोडी उलटी किंवा जुलाब, एवढंच होतं. आठवड्याने पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा ताप किंवा एकदम मलूलपणा आला तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्सोरुबिसिन स्वतः हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, म्हणून एकूण डोसावर मर्यादा असते आणि आधी इको करतात.

रक्तस्राव थांबवणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्या चालतील का?

युनान बायाओ ही चिनी वनौषधी यासाठी सर्रास दिली जाते. हृदयाभोवती पुन्हा रक्तस्राव होणं तिने लांबणीवर पडतं असं आजवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. द्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या. पाणी काढायला उशीर होण्याचं कारण ती ठरू नये.

माझं काही चुकलं का? खाणं, व्यायाम, नसबंदी?

तुमच्या खाऊपिऊ घालण्याने ही गाठ झालेली नाही. काही नोंदींमध्ये नसबंदी झालेल्या माद्यांत हृदयाचा हिमॅन्जिओसार्कोमा जास्त दिसला आहे. पण नसबंदीमुळेच तो झाला असं त्यावरून ठरत नाही, आणि नसबंदी गर्भाशयात पू होण्यापासून वाचवते हेही खरं आहे. लवकर कसं कळलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. गाठ फुटेपर्यंत ती बाहेरून कळतच नाही. नेहमीच्या तपासणीत स्टेथोस्कोपनेही तिचा पत्ता लागत नाही.

घरी कसं सांभाळायचं?

दोरी बांधून, हळूहळू, छोट्या फेऱ्या. चेंडू फेकणं, जिने, इतर कुत्र्यांशी धसमुसळा खेळ बंद. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घाला, म्हणजे मानेच्या शिरांवर ताण येत नाही. खायला जे आवडतं ते, पण थोडं-थोडं. एक कागद फ्रीजवर लावून ठेवा: झोपेतले श्वास, हिरड्यांचा रंग, जेवण, चक्कर. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि तिथे पाणी काढण्याची सोय आहे का, हे आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता ते शोधायला लागू नये.

पुन्हा-पुन्हा पाणी भरलं तर किती वेळा काढायचं? आणि कधी थांबायचं?

आकडा ठरलेला नाही. मी दोन वेळांमधलं अंतर बघते. तीन आठवड्यांनी भरलं तर काढावं, त्या तीन आठवड्यांत तो जगलेला असतो. दोन दिवसांनी भरत असेल, तर आपण त्याचे दिवस वाढवत नसून दवाखान्याच्या फेऱ्या वाढवतो आहोत. तो जेवतोय का, दारापर्यंत येतोय का, झोप लागतेय का, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा.

हिमॅन्जिओसार्कोमा असेल तर शेवट अचानक आणि घाबरवणारा असू शकतो. तो टाळण्यासाठी एखादा बरा दिवस निवडून त्याला शांतपणे जाऊ देणं म्हणजे हार मानणं नाही, आणि असा निर्णय घेणाऱ्या कोणालाही मी घाई केलीत असं म्हणणार नाही. इंजेक्शनच्या वेळी जवळ थांबायचं की नाही हे आधी ठरवा आणि डॉक्टरांना सांगा. आधी गुंगीचं औषध देऊन मग पुढचं द्यायला सांगता येतं.

घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला हे होईल का?

लागण होत नाही, एकत्र राहू-झोपू द्या. रक्ताचं नातं असलेली भावंडं असतील आणि जात जोखमीची असेल, तर सात वर्षांनंतर वर्षातून एकदा पोटाची आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेणं योग्य. मात्र यंदाची स्वच्छ सोनोग्राफी पुढच्या वर्षाची हमी देत नाही, कारण हिमॅन्जिओसार्कोमा काही महिन्यांतही वाढतो. पिल्लं जिथून आणली त्या माणसालाही कळवा, म्हणजे त्या जोडीची पुढची वीण थांबवायची का, हे त्याला ठरवता येईल.